गर्दीचे भय आणि स्पर्जन

चार्ल्स हॅडन स्पर्जन हे नाव आपल्या मंडळ्यांत बहुतेकांच्या कानांवरून गेलेले आहे. त्यांचा जन्म १९ जून १८३४ रोजी इंग्लंडात एसेक्स परगण्यात झाला. वयाच्या पंधराव्या वर्षी तारणाचा अनुभव आला, आणि १८५४ साली, विशीही गाठली नव्हती तोच, लंडनच्या न्यू पार्क स्ट्रीट येथील बाप्तिस्त मंडळीने त्यांना पाळक म्हणून बोलाविले. उपदेश ऐकावयास इतके लोक लोटू लागले की उपासनामंदिर अपुरे पडू लागले. म्हणून सरे गार्डन्स येथील म्युझिक हॉल हे मोठे सभागृह भाड्याने घेतले.

१९ ऑक्टोबर १८५६, रविवारची सायंकाळ. आत सुमारे दहा हजार माणसे, बाहेरही हजारो. प्रार्थना चालू असता कोणी तरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली. लोक दारांकडे धावले, जिन्यावर चेंगराचेंगरी झाली. सातजण मरण पावले व अठ्ठावीसजण गंभीर जखमी झाले. व्यासपीठावरून स्पर्जनांना या मृत्यूंची कल्पना आली नाही. लोकांना शांत करण्यासाठी ते बोलत राहिले. नंतर त्यांना अक्षरशः धरून बाहेर न्यावे लागले.

तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस. घरी पत्नी सुझॅना, आणि महिन्याभराची जुळी मुले. मित्रांनी त्यांना क्रॉयडन येथे नेले. तेथे ते दिवसरात्र रडत. पवित्र शास्त्र नुसते दृष्टीस पडले तरी अश्रू येत. वर्तमानपत्रांनी तर दोष त्यांच्यावरच ढकलला. मग एके दिवशी बागेत फिरताना, ख्रिस्ताला देवाने अत्युच्च केले हे फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातील वचन मनात आले आणि काळोख ओसरला. २ नोव्हेंबरला ते पुन्हा उपदेशास उभे राहिले. तो महिना संपण्यापूर्वी त्याच सभागृहात सभा सुरू झाल्या, मात्र सायंकाळऐवजी सकाळी.

कथा येथेच थांबविली तर साक्ष म्हणून फार गोड वाटते. पण गर्दीचे भय त्यांच्या शरीराने सोडले नाही. अशा झटक्याला आज डॉक्टर पॅनिक अटॅक म्हणतात. स्पर्जनांना नेमके तेच होत असे, असे इतक्या वर्षांनी छातीठोकपणे सांगणे योग्य नव्हे. पण लक्षणे रविवारच्या शाळेच्या शिक्षकांनी तरी ओळखावीत. छाती धडधडते, श्वास पुरत नाही, घाम सुटतो, हातपाय कापतात, बोटांना मुंग्या येतात, भोवळ येते. आता आपण मरणार किंवा वेडे होणार असे वाटते. बहुधा दहा मिनिटांत झटका कळसाला पोहोचतो व मग उतरतो. प्रथमच छातीत दुखले तर डॉक्टरांकडे न्यावेच, कारण हृदयविकारही असाच दिसू शकतो. लहान मुले भीती शब्दांत सांगत नाहीत. वचन पाठ म्हणण्याची पाळी आली की पोट दुखते म्हणतात. त्या मुलाला ढोंगी ठरवू नये. जवळ बसावे, सावकाश श्वास घ्यावयास सांगावे, आणि असे वारंवार होत असेल तर आईबापांच्या कानी घालावे.

असा माणूस दिसला की विश्वास कमी पडतो असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. स्पर्जनांनी आपल्या पाळकशाळेतील विद्यार्थ्यांपुढे सेवकांच्या खिन्नतेवर एक संपूर्ण व्याख्यान दिले, व शरीराचे दुखणे, अतिश्रम आणि एकांतवास ही कारणे उघडपणे सांगितली. रतामाच्या झुडपाखाली मरण मागणाऱ्या एलीयालाही देवाच्या दूताने आधी भाकर व पाणीच दिले ना?

१८६१ मध्ये मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल हे विशाल मंदिर उभे राहिले. तेथे स्पर्जन वर्षानुवर्षे हजारोंपुढे बोलत. पुढे संधिवाताने व मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना ग्रासले, आणि ३१ जानेवारी १८९२ रोजी फ्रान्समधील माँतों येथे ते प्रभूकडे गेले. त्यांच्या एका सहकाऱ्याने लिहून ठेवले आहे की, त्या दुर्घटनेनंतर अनेक वर्षांनी एका सभेस अशीच दाटी झाली असता स्पर्जन व्यासपीठाकडे जाणाऱ्या वाटेतच डोके हातावर टेकून थांबले. आपल्याला बोलता येणार नाही, असे त्यांनी सोबत्याला सांगितले. तरी ते आत गेले व त्यांनी उपदेश केला, आणि चांगला केला. अंगातला थरकाप मात्र शेवटपर्यंत पुरता गेला नाही.