शब्दांची अदब राखणारा आवाज

मोहम्मद रफी गेले ते रमजानच्या महिन्यात. ३१ जुलै १९८०, गुरुवारची रात्र, हृदयविकाराचा झटका. वय अवघे पंचावन्न. दुसऱ्या दिवशी जुमा होता आणि मुंबईत धो धो पाऊस. तरीही जनाज्याला रस्ते भरून माणसे लोटली. त्यात रोजेदार किती आणि बाकीचे किती, हे मोजण्याच्या मनःस्थितीत त्या दिवशी कुणीच नसावे.

रफींचा जन्म २४ डिसेंबर १९२४ चा, अमृतसरजवळच्या कोटला सुलतानसिंग या खेड्यातला. गात भिक्षा मागणाऱ्या एका फकिराच्या मागे मागे हा मुलगा गावभर फिरायचा, असे सांगतात. पुढे कुटुंब लाहोरला गेले. तिथे थोरल्या भावाचे केस कापायचे दुकान होते. उस्ताद अब्दुल वहीद खान आणि पंडित जीवनलाल मट्टू यांची तालीम मिळाली, ती याच शहरात. १९४४ मध्ये त्यांनी मुंबई गाठली आणि भेंडी बाजारातल्या एका लहानशा खोलीत मुक्काम ठोकला.

१९४७ च्या 'जुगनू'ने नाव झाले आणि त्याच वर्षी देश फाटला. त्या चित्रपटाच्या नायिका नूरजहाँ आणि संगीतकार फिरोज निझामी, दोघेही पाकिस्तानात गेले. सिंधमधून उठून आलेली कुटुंबे तेव्हा आपल्या विठ्ठलवाडीच्या शेजारी, कल्याणच्या लष्करी छावणीत उतरत होती. तिचेच पुढे उल्हासनगर झाले. रफींचे लाहोरही आता परदेशात गेले होते. ते मुंबईतच राहिले.

पुढची कारकीर्द सर्वांना ठाऊक आहे. सहा फिल्मफेअर, १९६७ ची पद्मश्री, 'हम किसी से कम नहीं'साठी राष्ट्रीय पुरस्कार. मला त्याहून मोठा वाटतो तो एक रुपया. आपल्या जळगावजवळच्या नसिराबादचे निसार बझ्मी तेव्हा धडपडणारे संगीतकार होते. १९५३ च्या 'खोज'साठी रफींना द्यायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. रफी एका रुपयावर गायले. जकातीचा हिशेब मांडण्याच्या या दिवसांत हे आठवल्याशिवाय राहत नाही.

'बैजू बावरा'तल्या मालकंसातल्या भजनाचे उदाहरण इतक्या वेळा दिले जाते, की आता ते फलकावरच्या घोषणेसारखे वाटू लागले आहे. शब्द शकील बदायुनींचे, चाल नौशादांची, गळा रफींचा, तिघेही मुसलमान, हे खरेच. पण तेवढे सांगून थांबलो तर त्यामागची मेहनत दिसत नाही. परक्या भाषेतला शब्द नीट उच्चारणे म्हणजे ती भाषा बोलणाऱ्यांची अदब राखणे. रफींची मराठी गाणी मला त्यासाठीच ऐकावीशी वाटतात.

ही गाणी प्रामुख्याने श्रीकांत ठाकरे यांची. ठाकरेंना उर्दूची उत्तम जाण, त्यामुळे दोघांचे जमले. तरी अडचण होतीच. उर्दू लिपीत 'ळ'ला अक्षर नाही. रफींची मायबोली पंजाबी. तिच्या बोलण्यात तो आहे, एवढीच सोय. 'चार' आणि 'चारा' यांतले दोन 'च' उर्दूला ठाऊक नाहीत. 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जिवंत राहा, हा फरक तर आपणही लिहून दाखवू शकत नाही. तो कानानेच उचलावा लागतो. वंदना विटणकरांचे 'शोधिसी मानवा' ऐकून पाहा. देवळात देव धुंडाळणाऱ्याला ते आपल्या आत पाहायला सांगते, आणि त्याच्या पहिल्याच ओळीत 'ळ' आहे. रफींचे मराठी अगदी सदाशिव पेठेतले नाही, पण शब्द रेटून नेल्याचे कुठे जाणवत नाही. पुष्पा पागधरे यांच्यासोबतच्या कोळीगीतात तर तोच गळा थेट होडीत जाऊन बसतो.

हजहून परतल्यावर त्यांना गाणे सोडण्याचा सल्ला मिळाला आणि काही काळ त्यांनी तो पाळलाही, असे सांगितले जाते. मग ते पुन्हा माइकसमोर उभे राहिले. नमाज सुटली नाही, गाणेही सुटले नाही. शेवटचे ध्वनिमुद्रण 'आस पास'चे, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्याकडे, मृत्यूच्या थोडे दिवस आधीचे.

जुहूच्या कब्रस्तानात त्यांना दफन केले. २०१० मध्ये नव्या दफनांना जागा हवी म्हणून तिथल्या जुन्या कबरी हटवल्या गेल्या. त्यांत रफींचीही होती. ३१ जुलैला येणारे चाहते आता जवळच्या एका नारळाच्या झाडाच्या खुणेने जागा ओळखतात आणि तिथे फुले ठेवतात.