फिलिप रंडेल आणि नाशिकचा हिरा

इ.स. १८१८ साली पेशवाई बुडाली व दुसरा बाजीराव बिठूरास गेला, एवढे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पेशव्यांच्या जवाहिराचे पुढे काय झाले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. त्यांतील नाशिकचा म्हणून विख्यात असलेला हिरा ज्याच्या पेढीत जाऊन पडला, त्या फिलिप रंडेलची हकीकत आम्ही येथे सांगत आहो.

रंडेलचा जन्म १७४६ साली इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात झाला. बाथ शहरी एका जवाहिऱ्याकडे उमेदवारी करून तो लंडनास आला आणि लडगेट हिलवरील एका पेढीत नोकरीस राहिला. पुढे ती पेढीच त्याची झाली. १७८८ साली त्याने जॉन ब्रिज यास भागीदार घेतले. रंडेल मोठा रत्नपारखी, पण जिभेचा तिखट. ब्रिज तितकाच मिठ्ठास. लोक एकास शिरका म्हणत, दुसऱ्यास तेल!

१७८९ साली फ्रान्सात राज्यक्रांती झाली. जीव घेऊन पळालेले उमराव आपले दागिने विकावयास लंडनास येऊ लागले. गरजवंतास अक्कल नसते, तेथे भाव कोठून मिळणार? रंडेलने ते जवाहीर स्वस्तात घेतले. १७९७ साली त्याची पेढी इंग्लंडच्या राजघराण्याची सोनार-जवाहिरे झाली.

नाशिकच्या हिऱ्याचा संबंध परंपरा त्र्यंबकेश्वराच्या देवालयाशी जोडते. युद्धातील लूट म्हणून तो कंपनी सरकारच्या हाती आला व लंडनास धाडला गेला. वजन सुमारे ९० कॅरट, पाणी अत्यंत निर्मळ. पण आपले कारागीर वजन राखीत, आणि यूरोपात किंमत झळाळीची. त्यामुळे रंडेलच्या पेढीस तो अवघ्या ३,००० पौंडांच्या आसपास मिळाला. पेढीने त्यास नव्याने पैलू पाडविले. तो ८० कॅरटांच्याही किंचित खाली आला. रंडेलने उघड बाजारात पैसे मोजले हे खरे. परंतु विकणाऱ्याने तो तलवारीच्या बळावर मिळविला होता, हे विसरून आम्हांस हा व्यवहार वाचता येत नाही.

रंडेल अविवाहित होता. १८२७ साली तो वारला, तेव्हा त्याची संपत्ती १० लक्ष पौंडांहून अधिक भरली. तिचा मोठा भाग जोसेफ नील्ड या नातलगास मिळाला. बाजीराव तेव्हा बिठूरास वर्षाला ८ लक्ष रुपयांच्या तनख्यावर दिवस काढीत होता. हिरा अजून पेढीच्या तिजोरीतच होता. १८३७ साली लंडनच्या लिलावात वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसने तो घेतला. १९४० साली न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनी त्यास पुन्हा पैलू पाडविले, आणि नाशिकच्या हिऱ्याचे ४३ कॅरट उरले.