तुटलं तर थांबलं पाहिजे!

जॉर्ज वेस्टिंगहाउस हे नाव इलेक्ट्रिकलच्या मुलांना चांगलं माहीत असतं. एसी करंट, टेस्ला, एडिसनबरोबरचं भांडण वगैरे वगैरे. पण खरं तर त्याच्यावर पहिला हक्क मेकॅनिकलवाल्यांचा आहे, कारण या माणसाने आधी ट्रेन थांबवली आणि मग शहरं उजळली!

वेस्टिंगहाउसचा जन्म ६ ऑक्टोबर १८४६ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यातल्या सेंट्रल ब्रिज या छोट्या गावातला. वडिलांचा शेतीची यंत्रं बनवायचा कारखाना होता. पुढे हे कुटुंब स्केनेक्टडी या गावी आलं आणि जॉर्जचं खरं शिक्षण तिथल्या वर्कशॉपमध्येच झालं. मधेच सिव्हिल वॉर पेटलं. तो आधी सैन्यात आणि नंतर नौदलात बोटीच्या इंजिनांवर काम करून आला. त्याचा एक मोठा भाऊ मात्र त्या युद्धातून परत आला नाही. १८६५ मध्ये जॉर्जने युनियन कॉलेजात नाव घातलं आणि तीनेक महिन्यांत कॉलेज सोडलंसुद्धा. (हे वाचून कोणी लगेच एल.सी. मागायला जाऊ नये. त्याच वर्षी, एकोणिसाव्या वर्षी, त्याने रोटरी स्टीम इंजिनचं पेटंट मिळवलं होतं!)

१८६६ मध्ये त्याची गाडी वाटेत अडकली, कारण पुढे दोन मालगाड्यांची समोरासमोर टक्कर झाली होती. रूळ सरळ होते, जमीन सपाट होती, दोन्ही ड्रायव्हरना समोरची गाडी दिसली होती. मग टक्कर का झाली? कारण दिसणं आणि थांबणं यांच्यामध्ये जो वेळ लागतो, तेवढा वेळच त्यांच्याकडे नव्हता.

त्या काळी ड्रायव्हर फक्त शिट्टी वाजवायचा. मग ब्रेकमन नावाची माणसं डब्यांच्या टपांवरून पळत जाऊन एकेका डब्याचं चाक हाताने फिरवून ब्रेक आवळायची. पावसात, बर्फात, चालत्या गाडीवर! कित्येक जण खाली पडून मेले किंवा कायमचे अपंग झाले.

वेस्टिंगहाउसने सगळे ब्रेक एकदम लावण्यासाठी साखळीचा विचार केला, वाफेचा केला. वाफ लांब पाइपमध्ये थंड होऊन तिचं पाणी व्हायचं. तेवढ्यात त्याच्या वाचनात आलं, की फ्रान्स आणि इटलीमधल्या माँ सनी बोगद्यात दाबलेली हवा नळीने हजारो फूट आत नेऊन खडकात ड्रिल चालवतात. हवा एवढी लांब जाऊ शकते, तर मग ट्रेनच्या शेवटच्या डब्यापर्यंत का नाही?

१८६९ च्या एप्रिलमध्ये त्याला एअर ब्रेकचं पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी पिट्सबर्गमध्ये कंपनी उभी राहिली. वय वर्षं बावीस! इंजिनावर कॉम्प्रेसर आणि हवेची टाकी, सगळ्या डब्यांखालून एक पाइप, प्रत्येक डब्याला सिलिंडर. ड्रायव्हरने हवा सोडली की सगळ्या डब्यांना ब्रेक. पहिल्याच खास फेरीत रुळावर आडव्या आलेल्या घोडागाडीच्या अगदी जवळ ट्रेन थांबली, अशी गोष्ट सांगतात.

इथे एखाद्याने पेढे वाटले असते आणि विषय संपला असता. पण या ब्रेकमध्ये एक भयंकर गोची होती. पाइप फुटला किंवा डबे सुटले, की हवा निघून जायची आणि ब्रेक लागायचाच नाही. म्हणजे ब्रेकची सगळ्यात जास्त गरज ज्या क्षणी, नेमका त्याच क्षणी तो गायब!

म्हणून १८७२ मध्ये त्याने आपलंच डिझाइन उलटं केलं. प्रत्येक डब्याला स्वतःची छोटी हवेची टाकी आणि एक ट्रिपल व्हॉल्व्ह दिला. पाइपमध्ये दाब असेल तोवर ब्रेक सुटलेला आणि टाकी भरलेली. दाब कमी झाला की व्हॉल्व्ह टाकीतली हवा सिलिंडरमध्ये सोडणार आणि ब्रेक लागणार. दाब ड्रायव्हरने कमी केला की पाइप तुटून कमी झाला, हे व्हॉल्व्ह बघतच नाही. सुटलेला डबा इंजिनाची वाट न बघता स्वतःच्या ताकदीवर थांबतो.

हे किती महत्त्वाचं आहे ते आयर्लंडमधल्या आर्मा इथे १२ जून १८८९ रोजी कळलं. संडे स्कूलच्या सहलीची ट्रेन चढावर अडकली, म्हणून ती मधून सोडून अर्धी पुढे न्यायचं ठरलं. त्या गाडीला साधा व्हॅक्यूम ब्रेक होता, ऑटोमॅटिक नाही. डबे सोडताच मागच्या भागाचा ब्रेक गेला आणि फक्त हँडब्रेक आणि चाकांखालचे दगड उरले. डबे उतारावरून मागे घसरले आणि मागून येणाऱ्या ट्रेनवर आदळले. सुमारे ८० जीव गेले, त्यात बरीच मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने प्रवासी गाड्यांना ऑटोमॅटिक ब्रेक सक्तीचा केला. अमेरिकेत असा कायदा १८९३ मध्ये आला.

पुढे वेस्टिंगहाउस विजेकडे वळला, टेस्लाची पेटंट घेतली, १८९३ चं शिकागोचं प्रदर्शन उजळवलं. १९०७ च्या मंदीत इलेक्ट्रिक कंपनी त्याच्या ताब्यातून गेली आणि १२ मार्च १९१४ रोजी तो वारला.

पण त्याचा विचार अजून रस्त्यावर धावतोय. परदेशात कारच्या मागे कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, जोडून फिरतात. बऱ्याच कॅरॅव्हॅनचे ब्रेक इलेक्ट्रिक असतात आणि त्यांना करंट कारमधून वायरने येतो. जोड तुटला तर वायरही तुटणार. म्हणजे १८६९ ची तीच गोची! त्यावर उपाय म्हणजे ब्रेकअवे स्विच. कॅरॅव्हॅनवर स्वतःची बॅटरी आणि पुढच्या दांड्यावर एक स्विच. स्विचमधल्या पिनला बांधलेली स्टीलची तार कारला अडकवतात. कॅरॅव्हॅन सुटली की पिन उपसली जाते, सर्किट पूर्ण होतं आणि बॅटरी ब्रेक लावते. बॅटरी म्हणजे वेस्टिंगहाउसची छोटी टाकीच की! फक्त ती तार कारच्या पक्क्या भागाला बांधायची, सुटू शकेल अशा हुकच्या गोळ्याला नाही. वळताना ताणली जाणार नाही एवढी ढील ठेवायची. आणि निघण्याआधी पिन ओढून ब्रेक लागतो का ते बघायचं, कारण मेलेली बॅटरी म्हणजे रिकामी टाकी. अमेरिकेतल्या ट्रकच्या ट्रेलरना तर सुटल्यावर निदान १५ मिनिटं ब्रेक धरून ठेवण्याचा नियम आहे.

आपल्या ट्रेनमध्ये साखळी ओढली की होतं तेही हेच. ब्रेक पाइपमधली हवा बाहेर जाते आणि डबे स्वतःला थांबवतात.

आपण मशीन चालताना कसं चालेल याचं डिझाइन शिकतो. वेस्टिंगहाउसने विचारलं, की तुटलं तर काय होईल? प्रोजेक्टच्या व्हायव्हाला हा प्रश्न कोणी विचारो न विचारो, आपण स्वतःला एकदा विचारायला काय हरकत आहे?