डोळ्याच्या नासूरवर इलाज लिहून ठेवणारे अबुल कासिम ज़हरावी

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातून सारखं पाणी येतं. सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात. आमच्या नामपुरात अशा वेळी कुणी नजर उतरवतं, कुणी सुरमा लावतं. डॉक्टरकडे जायचं मात्र राहून जातं. डोळ्यातल्या पाण्याची वाट बंद झाली तर काय करायचं, याचा इलाज हजार वर्षांपूर्वी एका मुस्लिम सर्जनने लिहून ठेवला होता. त्यांचं नाव अबुल कासिम खलफ इब्न अब्बास ज़हरावी.

इ.स. 936 च्या सुमारास अंदलुसमध्ये, म्हणजे आजच्या स्पेनमध्ये, कुर्तुबा शहराजवळच्या मदीनतुज़-ज़हरा इथे त्यांचा जन्म झाला. गावावरून ते ज़हरावी म्हटले गेले. घराणं मदिन्याच्या अन्सारांचं, म्हणून ते अन्सारीही. रुग्ण तपासणं आणि शागिर्द घडवणं यात त्यांची हयात गेली. 1000 सालाच्या आसपास त्यांनी ‘अत-तसरीफ’ हा 30 भागांचा ग्रंथ पूर्ण केला. त्याचा शेवटचा भाग फक्त शस्त्रक्रियेवर आहे. त्यात सुमारे 200 हत्यारांची चित्रं आहेत. शागिर्दांना ते आपली मुलं समजून समजावतात. आम्हा शिक्षकांना ही गोष्ट फार भावते.

डोळ्यातलं पाणी नाकाजवळच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रांतून एका पिशवीत आणि तिथून नळीने नाकात उतरतं. वाट तुंबली की पिशवीत पू होतो आणि कधी कातडी फोडून बाहेर येतो. हाच डोळ्याचा नासूर. ज़हरावींनी आधी जखम साफ करून डाग देण्याची रीत सांगितली. तेवढ्याने भागलं नाही तर गिरमिटासारख्या टोकदार हत्याराने हाडाला भोक पाडून नाकाकडे वाट करायची, असंही लिहिलं. पुढे 1904 मध्ये इटलीच्या तोती या डॉक्टरने नाकात नवी वाट काढण्याचं जे ऑपरेशन मांडलं, त्यामागचा विचारही हाच होता.

पण ज़हरावींचा खरा आग्रह वेगळा होता. शरीराची रचना शिकल्याशिवाय सुरीला हात लावू नये, असं ते बजावतात. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिन्या कापल्या आणि ती बाई जागीच गेली, हा प्रसंग त्यांनी मुद्दाम नोंदवला आहे.

1013 च्या सुमारास त्यांचा इंतकाल झाला. त्याच्या थोडं आधी यादवीत मदीनतुज़-ज़हरा उद्ध्वस्त झालं होतं. ग्रंथ मात्र उरला. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेचा भाग लॅटिनमध्ये नेला आणि युरोपातले सर्जन कित्येक शतकं तो वाचत राहिले.

आता आपल्या घरातल्या बाळाकडे येऊ. ज़हरावींच्या काळातला नासूर हा बहुतेक पू होऊन झालेला आजार होता. बाळाचं दुखणं जन्मजात असतं. नळीच्या खालच्या टोकाला पातळ पडदा राहिलेला असतो. दहापैकी साधारण नऊ बाळांमध्ये तो वर्षाच्या आत आपोआप उघडतो. तोवर डॉक्टर दाखवतील तसं, नखं कापून, हात धुऊन, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली हलका मसाज करायचा. वर्षानंतरही पाणी थांबलं नाही तर भूल देऊन बारीक सळईने पडदा उघडतात. याला प्रोबिंग म्हणतात. काहींना सिलिकॉनची नळी बसवावी लागते, आणि अगदी थोड्यांना नवी वाट काढायचं ऑपरेशन लागतं. कोपऱ्यात लाल सूज आली, ताप आला, किंवा बाळ उजेडात डोळा उघडेना, तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

सुरम्याबद्दल आपल्या मनात अदब आहे, आणि असावा. पण बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं. बाळाच्या डोळ्यात ते नकोच. सटाणा, मालेगाव आपल्याला लांब नाही. एक चक्कर नेत्रतज्ज्ञाकडे मारा.

ज़हरावींचं नाव अभिमानाने घ्यायचं असेल, तर त्यांची सवयही घ्यायला हवी : आधी जाणकाराला विचारायचं, मग हात लावायचा.