स्वराज्यातही उपाशी बसलेला सेनापती

निवडणुका जवळ आल्या की संगमनेरच्या बाजार समितीत, एस.टी. स्टँडसमोरच्या चहाच्या गाड्यांवर आणि पारावर एकच सूर लागतो. कोणाला निवडून द्यायचे आणि कशासाठी? कांदा शेतकऱ्याच्या चाळीत असतो तेव्हा दिल्लीला महागाई आठवते. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली आणि उठली ती मे २०२४ मध्ये, लोकसभेच्या मतदानाच्या धामधुमीत. निळवंड्याचे धरण १९७० सालापासून कागदावर. त्याच्या डाव्या कालव्याला समारंभाने पाणी सुटले ते ऑक्टोबर २०२३ मध्ये. ज्यांनी पहिल्या सभेला टाळ्या वाजवल्या, त्यांची नातवंडे जलपूजनाला होती. निवडून जाणारा माणूस गावचा असतो, पण एकदा गाडीत बसला की तो पक्षाचा होतो, ही तक्रार नवी नाही. ती स्वराज्याइतकीच जुनी आहे.

अशा वेळी आपल्याच जिल्ह्यातल्या एका माणसाची आठवण व्हावी. साकूरच्या पठारावरून खाली उतरून मुळा ओलांडली की पारनेर तालुका सुरू होतो. त्या पारनेरात १२ नोव्हेंबर १८८० रोजी पांडुरंग महादेव बापट जन्मले. पुढे महाराष्ट्राने त्यांना सेनापती म्हटले आणि पाळण्यातले नाव मागे पडले. परक्या सरकारशी भांडलेली माणसे आपल्याकडे पुष्कळ झाली. स्वकीयांचे सरकार आल्यावर त्याच्याशीही तितक्याच निष्ठेने भांडणारी थोडी, आणि त्या भांडणातून स्वतःसाठी काहीही न मागणारी त्याहून थोडी.

मुलगा हुशार होता. संस्कृतात पारंगत, डेक्कन कॉलेजचा पदवीधर. मंगळदास नथूभाई शिष्यवृत्ती मिळाली आणि १९०४ साली तो यंत्रशास्त्र शिकायला एडिंबरोला गेला. एका खेड्यातल्या मध्यमवर्गीय घराचे नशीब तिथेच फळफळायचे. परत येऊन मोठ्या हुद्द्याची नोकरी आणि पुढे पेन्शन. बापटांनी तिथे ब्रिटिश राजवटीवर एक परखड निबंध वाचला. शिष्यवृत्ती गेली. मग श्यामजी कृष्णवर्मांचे इंडिया हाऊस, सावरकरांचा सहवास, आणि पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँब बनवण्याचे शिक्षण. बंगालचे हेमचंद्र दास आणि मिर्झा अब्बास हे त्यांचे तिथले सोबती. १९०८ साली ते मायदेशी आले. त्याच वर्षी अलीपूरचा खटला उभा राहिला, माफीच्या साक्षीदाराने नाव घेतले आणि बापट सुमारे चार वर्षे भूमिगत राहिले. १९१२ मध्ये ते इंदुरात पकडले गेले.

इथपर्यंतची हकीकत क्रांतिकारकांच्या चरित्रमालेत शोभेल अशी, आणि शाळेच्या पुस्तकात आली तर एवढीच येते. पण बापटांचे वेगळेपण सुटकेनंतर दिसते. पारनेरला परतलेल्या या माणसाने हाती झाडू घेतला. रस्ते झाडणे हे त्यांनी व्रत म्हणून पत्करले आणि पुढे आयुष्यभर सोडले नाही. १९१४ साली मुलगा झाला, तेव्हा बारशाचे पहिले जेवण त्यांनी अस्पृश्यांना घातले. ज्या काळात पुण्यातले सुधारकसुद्धा चहाच्या पेल्यावरून प्रायश्चित्ताचा विचार करीत, त्या काळानंतर जेमतेम वीस-बावीस वर्षांनी एका तालुक्याच्या गावी, भिक्षुकांच्या नजरेसमोर हे घडले. राजकारणातला त्यांचा शब्द लोक का ऐकत, याचे उत्तर भाषणांपेक्षा या झाडूत अधिक सापडते. काही काळ त्यांनी ‘चित्रमयजगत’मध्ये आणि टिळकांच्या ‘मराठा’त काम केले. लेखणी चांगली होती. पण टेबलाशी बसून राहणे त्यांच्या पिंडात नव्हते.

मग मुळशी आले. (साकूरजवळ आपण ओलांडतो ती मुळा वेगळी. पुण्याच्या पश्चिमेची, मुळशी खोऱ्यातली मुळा वेगळी.) मुळा आणि निळा यांच्या संगमाजवळ टाटांच्या कंपनीला धरण बांधायचे होते. पाणी सह्याद्रीपलीकडे कोकणात सोडून वीज करायची आणि ती मुंबईच्या गिरण्यांना द्यायची. पन्नासाहून अधिक गावे बुडणार होती. खोरे आंबेमोहोर तांदळाचे. मावळ्यांची वडिलोपार्जित खाचरे. सरकारने १८९४चा भूसंपादन कायदा वापरला. खासगी कंपनीच्या फायद्याला सार्वजनिक हित म्हणायचे आणि शेतकऱ्याला नोटीस बजावायची, ही युक्ती आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, हजारावर माणसे, त्यांत बायका आणि मुलेही, धरणाच्या जागेवर जाऊन बसली. विनायकराव भुस्कुटे, शंकरराव देव ही मंडळी पुढे होती. बापट त्यांचे सेनापती झाले, आणि ते बिरुद कायमचे चिकटले.

मुळशीचा लढा हरला. का हरला, याची चर्चा आपण टाळतो, म्हणून जरा थांबतो. एक तर खोऱ्यातल्या पुष्कळ जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा हक्क चढलेला होता. कंपनीने नुकसानभरपाईचा आकडा वाढवला तसा सावकारांचा उत्साह ओसरला. जमीन कसणारा एकीकडे आणि सात-बाऱ्यावर नाव असलेला दुसरीकडे, अशी फूट पडली. दुसरे म्हणजे पुढाऱ्यांचे लक्ष मोठ्या चळवळीकडे होते. स्वराज्य आले की सगळे प्रश्न सुटतील, तेव्हा मावळातल्या भाताच्या खाचरांसाठी किती शक्ती खर्चायची, असा हिशेब होता. बापटांना तो हिशेब कधीच पटला नाही. वारंवार तुरुंगात जाऊनही काम थांबत नाही असे पाहिल्यावर डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी धरणाच्या कामावरची गाडी अडवली, पिस्तूल चालवले, माणसे जखमी झाली. मग स्वतःहून पोलिसांच्या स्वाधीन झाले. सात वर्षांची शिक्षा लागली आणि रवानगी दूर सिंधमधल्या हैदराबादच्या तुरुंगात झाली.

त्या गोळ्यांचे समर्थन करावे असे मला वाटत नाही. जखमी झाले ते टाटा नव्हते, पोटासाठी कामावर आलेले लोक होते. पण एक गोष्ट खरी. कृत्याची किंमत त्यांनी दुसऱ्या कोणाला मोजायला लावली नाही. आज बसगाड्या पेटवून पुढारी विश्रामगृहावर चहा घेतात आणि खटले कार्यकर्त्यांच्या पोरांवर चालतात. सेनापतींनी गुन्हा कबूल केला आणि सात वर्षे काढली.

मुळशीची गोष्ट संगमनेरकरांना परकी वाटण्याचे कारण नाही. त्याच काळात आपल्या प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण उभे राहत होते. १९१० साली काम सुरू झाले, १९२६ साली पुरे झाले. ओझरच्या बंधाऱ्यापासून निघालेल्या कालव्यांनी खालच्या भागाचे सोने केले. ऊस आला, साखर आली, साखरेबरोबर आमदार-खासदार आले. अकोल्याच्या डोंगरातल्या ज्यांच्या जमिनीवर ते पाणी उभे आहे, त्यांचा सेनापती कोणी झाला नाही. आणि तो १८९४चा कायदा? परके गेले, कायदा राहिला. स्वतंत्र भारतातली धरणे, कारखाने, महामार्ग त्याच्याच आधाराने झाले. महाराष्ट्राने १९७६ साली पुनर्वसनाचा कायदा केला, तरी संपादनाचा मूळ कायदा १ जानेवारी २०१४ रोजी नवा कायदा अमलात येईपर्यंत जिवंत होता. मुळशीचा शेतकरी ज्या कलमाखाली उठवला गेला, ते बदलायला निवडून आलेल्या सरकारांना सहासष्ट वर्षे लागली.

१९३१ साली बापट सुटले आणि महाराष्ट्र काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हे पद पुढच्या काळात मंत्रिमंडळाचा जिना ठरले. बापटांसाठी तो पुन्हा तुरुंगाचाच जिना होता. भाषणांबद्दल खटला झाला, मोठी शिक्षा झाली, आणि ते बाहेर आले ते १९३७ साली, प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आल्यावर. बरोबरीचे लोक सत्तेच्या कामाला लागले होते. सेनापती सुभाषबाबूंच्या फॉरवर्ड ब्लॉककडे गेले, निजामाच्या हैदराबादेत सत्याग्रहाला गेले. मधल्या काळात अरविंदांच्या तत्त्वज्ञानाचे मराठीकरण चालू होतेच. पिस्तूल, झाडू आणि योग हे तिन्ही एकाच माणसाच्या हाती कसे, असा प्रश्न अभ्यासकांना पडतो. त्यांना स्वतःला तो पडला असेल असे वाटत नाही.

१५ ऑगस्ट १९४७ला पुण्यात तिरंगा त्यांच्या हस्ते फडकला. वय सहासष्ट. इथे चरित्र संपवायला हरकत नव्हती. पुष्कळांची तिथेच संपली, पुढे नुसते सत्कार उरले. मंत्रिपदाच्या, समित्यांच्या, महामंडळांच्या याद्या चाळल्या तर सेनापती कोठे दिसत नाहीत. ते दिसतात मोर्चाच्या तोंडाशी. १८ मे १९५५ रोजी गोव्याच्या हद्दीत सत्याग्रहींची पहिली तुकडी शिरली, तिचे नेतृत्व नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांच्याकडे होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा म्हातारा पोर्तुगीज पोलिसांसमोर उभा राहिला. दिल्लीचे सरकार त्या वेळी गोव्याबाबत सबुरीच्या गोष्टी सांगत होते.

आणि मग दिल्लीशी खरे भांडण जुंपले. भाषावार प्रांतरचना हे काँग्रेसचे जुने वचन. आंध्राला राज्य मिळाले, इतरांना मिळाली, मराठी माणसाच्या वाट्याला मात्र मुंबईविना महाराष्ट्र, मग स्वतंत्र मुंबई, मग द्विभाषिक असे एकेक तोडगे येत राहिले. १८ नोव्हेंबर १९५५ रोजी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा निघाला, त्याच्या अग्रभागी सेनापती होते. पोलिसांनी अडवले, अटक केली. मुख्यमंत्री मोरारजी देसाई; तेही इंग्रजांच्या तुरुंगात राहून आलेले. आता एकाच चळवळीतले दोघे कैदी, एक खुर्चीवर आणि दुसरा पोलिसांच्या गाडीत. तीन दिवसांनी, २१ नोव्हेंबरला, गोळीबार झाला. जानेवारीत पुन्हा झाला. शंभरावर माणसे गेली. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसला जो तडाखा दिला तो या रक्ताचा होता. आणि मतपेटीने दिल्लीला ऐकवता येते याचा तो आपल्याकडचा सर्वांत ठळक पुरावा. १ मे १९६० रोजी राज्य झाले.

पण अपुरे. बेळगाव, कारवार, खानापूर, निपाणी हा मराठी मुलूख १९५६ सालीच म्हैसूर राज्यात घातला गेला होता. ज्यांनी मंगलकलश आणला ते आता राज्यकर्ते होते, आणि राज्यकर्त्यांना दिल्लीची अडचण समजू लागते. ठराव झाले, शिष्टमंडळे गेली, १९६० साली दोन्ही राज्यांची चौघांची समिती नेमली, ती निकालाविना संपली. खेडे हा घटक, भाषिक बहुमत आणि भौगोलिक सलगता ही कसोटी महाराष्ट्र मांडत राहिला. सहा वर्षे गेली. राज्यात वसंतराव नाईकांचे सरकार, दिल्लीत इंदिरा गांधी, दोन्हीकडे एकच पक्ष, आणि तरी फाईल हलत नव्हती.

१९६६च्या उन्हाळ्यात सेनापती उपोषणाला बसले. वयाचे शहाऐंशीवे वर्ष चालू होते. इंग्रजांच्या तुरुंगात तारुण्य घालवलेल्या माणसाला आपण निवडून दिलेल्या सरकारचे लक्ष वेधण्यासाठी अन्न सोडावे लागले. त्यांच्या जिवाला काही झाले असते तर महाराष्ट्रात काय उसळले असते, याची कल्पना मुंबईला होती आणि दिल्लीलाही. धावपळ झाली, आयोगाचे आश्वासन मिळाले, उपोषण सुटले. २५ ऑक्टोबर १९६६ रोजी निवृत्त सरन्यायाधीश मेहरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला.

पुढचा भाग कडवट आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये महाजनांचा अहवाल आला. महाराष्ट्राने ८१४ गावे मागितली होती. २६४ देऊ केली, आणि २४७ गावे महाराष्ट्राकडून म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवले. म्हणजे ज्या आयोगासाठी सेनापती उपाशी राहिले, त्याच आयोगाने त्यांच्या मागणीचा गाभा नाकारला. महाराष्ट्राने अहवाल फेटाळला, कर्नाटकाने तो उचलून धरला, आणि आयोग तुम्हीच मागितला होता ना, हा टोमणा महाराष्ट्राला तेव्हापासून ऐकावा लागतो. दोष उपोषणाचा की, उपोषणाने उघडलेल्या दारातून आत जाताना कसोट्याच लेखी ठरवून न घेणाऱ्या राज्यकर्त्यांचा? माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. आयोगाला निकष बांधून देणे हे उपाशी म्हाताऱ्याचे काम नव्हते; ते सचिवालयात बसलेल्यांचे होते.

पारनेर तालुक्यानेच पुढे उपोषणाचे आणखी एक मोठे नाव देशाला दिले. राळेगणसिद्धीचे अण्णा हजारे २०११ साली दिल्लीत बसले तेव्हा सारा देश दूरचित्रवाणीसमोर बसला होता. सेनापतींच्या वेळी कॅमेरे नव्हते.

अहवालानंतर तीन महिन्यांनी, २८ नोव्हेंबर १९६७ रोजी, सेनापती बापट गेले. मुंबईत जुन्या तुळशी पाइप रोडला त्यांचे नाव मिळाले, पुण्यातल्या एका मोठ्या रस्त्यालाही. टपाल खात्याने १९७७ साली तिकीट काढले. मुंबईच्या त्या रस्त्यालगतच्या गिरण्या, ज्यांच्यासाठी मुळशीचे खोरे बुडवले, त्या एकेक करून बंद पडल्या आणि तिथे मॉल आणि कंपन्यांचे काचेचे मनोरे आले. महाराष्ट्र दिनाच्या भाषणांत राष्ट्राचा गाडा मराठ्यांवाचून चालत नाही अशा आशयाची जी ओळ हमखास ऐकू येते ती त्यांचीच. व्यासपीठावरच्या बहुतेकांना ती कोणाची हे ठाऊक नसते. मुळशीचे पाणी आजही कोकणात वीज करते. सीमाप्रश्न २००४ सालापासून सर्वोच्च न्यायालयात आहे, आणि बेळगावात कर्नाटकाने २०१२ साली विधिमंडळाची भव्य इमारत बांधून वहिवाट पक्की केली आहे.