एका काचेवर अख्खं उड्डाण

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, तेव्हा मराठीच्या चुका सांभाळून घ्या. पण या माणसाबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एतिएन-ज्यूल मारे यांचा जन्म १८३० साली फ्रान्समधल्या बोन गावी झाला. त्यांना व्हायचं होतं इंजिनिअर, वडिलांनी घातलं मेडिकलला. घरोघरी मातीच्या चुली! पण डॉक्टर झाल्यावरही त्यांच्यातला इंजिनिअर गप्प बसला नाही. १८६० च्या सुमारास त्यांनी मनगटावर बांधायचं यंत्र केलं. नाडीच्या ठोक्यागणिक काजळी धरलेल्या कागदावर रेघ उमटायची. डोळ्यांना दिसत नाही ते यंत्राकडून लिहून घ्यायचं, हे वेड आयुष्यभर टिकलं.

१८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज यांनी ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले. मारे भारावून गेले. पण पक्षी काही आपण लावलेल्या कॅमेऱ्यांसमोरून थोडाच उडणार? म्हणून १८८२ मध्ये त्यांनी बंदुकीसारखा कॅमेरा बनवला. नेम धरून चाप ओढला की सेकंदाला १२ फोटो, आणि पक्षी जिवंतच!

तरी समाधान नाही. प्रत्येक फोटो वेगळा, मग पक्षी किती पुढे सरकला हे मोजणार कसं? त्याच वर्षी त्यांनी एकाच काचेवर सगळे ठसे घ्यायची पद्धत काढली. मागे काळीकुट्ट पार्श्वभूमी, पुढे पांढरा पक्षी आणि कॅमेऱ्यात फटी असलेली फिरती चकती. फट समोर आली की एक ठसा. काळ्याचा काचेवर परिणाम होत नाही, म्हणून पुढचा ठसा शेजारी स्वच्छ उमटतो. चकतीचा वेग ठाऊक, म्हणजे दोन ठशांमधला वेळही ठाऊक. अंतर भागिले वेळ, झाला वेग! माणसाच्या चालण्याचे ठसे एकमेकांवर चढायला लागले, तेव्हा त्यांनी माणसाला काळे कपडे घालून हातापायांवर पांढऱ्या पट्ट्या लावल्या. फोटोत नुसत्या रेघा आल्या, जणू ग्राफच.

१८९० मध्ये पक्ष्यांच्या उड्डाणावरचा त्यांचा ग्रंथ निघाला. विल्बर राईट यांनी १८९९ मध्ये स्मिथसोनियन संस्थेला लिहिलेल्या पत्रात, आपण वाचलेल्या लेखकांत मारेंचं नाव दिलंय. राईट बंधूंचं विमान उडालं १९०३ मध्ये. मारे १९०४ मध्ये गेले.

आता माझी गोष्ट. गॅदरिंगच्या प्रदर्शनासाठी मी होस्टेलच्या गच्चीवरून सूर मारणाऱ्या घारीचे नऊ फोटो काढले आणि कॉम्प्युटरवर एका चित्रात जोडले. सगळ्यांनी वाहवा केली. पण छान दिसावं म्हणून मी नऊही घारी सारख्या अंतरावर ठेवल्या होत्या. सूर मारताना घारीचा वेग वाढतो, म्हणजे अंतरंही वाढायला हवीत. मारेंबद्दल वाचलं आणि लाज वाटली. दुसऱ्या दिवशी फोटोखाली चिठ्ठी लावली, की यातली अंतरं खरी नाहीत.

यंदा ट्रायपॉड लावून पुन्हा काढणार आहे. घारी एकमेकींवर चढल्या तरी चालतील, पण जिथे होत्या तिथेच राहतील.