थेंबातले जग पाहणारा कापड दुकानदार : अँटनी व्हॅन ल्युवेनहॉक

विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात या माणसाच्या वाट्याला सहसा एकच ओळ येते. सूक्ष्मजीव प्रथम कोणी पाहिले, या प्रश्नाचे उत्तर म्हणून विद्यार्थी ते नाव पाठ करतात, रिकाम्या जागेत भरतात, एका गुणाचे धनी होतात आणि पुढच्या प्रश्नाकडे वळतात. नावाचा उच्चारही आपण आपल्या सोयीने करतो. डच माणसाच्या तोंडी तो लेव्हनहूक असा काहीसा येतो. परंतु त्या एका ओळीमागे नव्वद वर्षांचे आयुष्य उभे आहे. वसतिगृहात राहून शिकलेल्या आणि शिकत असलेल्या मुलांनी, त्याचप्रमाणे त्यांच्या पालकांनीही, ते सविस्तर जाणून घ्यावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

नेदरलँड्समधील डेल्फ्ट या गावी २४ ऑक्टोबर १६३२ रोजी अँटनी यांचा जन्म झाला. वडील फिलिप्स टोपल्या विणीत. आपल्याकडे ज्याला बुरुडकाम म्हणतात तोच त्यांचा व्यवसाय. मुलगा पाच-सहा वर्षांचा असतानाच ते वारले. आईने पुनर्विवाह केला. अँटनी यांना परगावच्या शाळेत धाडण्यात आले, पुढे काही काळ ते एका नातलगाकडे राहिले आणि सोळाव्या वर्षी, १६४८ मध्ये, ॲम्स्टरडॅम येथील एका कापड व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवारी करू लागले. त्यांचे शालेय शिक्षण तिथेच संपले. त्या काळी युरोपातील विद्या लॅटिन भाषेत नांदत होती. ती भाषा ते कधीच शिकले नाहीत. आयुष्यभर त्यांनी जे काही लिहिले, ते आपल्या डच बोलीत.

१६५४ मध्ये ते डेल्फ्टला परतले, बार्बरा डी मे यांच्याशी विवाह केला आणि स्वतःचे कापडाचे दुकान थाटले. सहा वर्षांनी नगराच्या न्यायकचेरीत तेथील दालनांची देखभाल करण्याचे काम मिळाले. पुढे ते परीक्षा देऊन भूमापक झाले आणि मद्याच्या पिंपांचे माप तपासण्याचे सरकारी कामही त्यांच्याकडे आले. मोजमाप हा असा त्यांच्या पोटापाण्याचाच भाग होता. कापडाची वीण तपासून धागे मोजण्यासाठी त्या काळचे दुकानदार साधे भिंग वापरीत. त्या भिंगापासून सूक्ष्मदर्शकापर्यंतची वाट ल्युवेनहॉक यांनी, दुकान आणि कचेरी सांभाळून, रात्री-पहाटे जागून चालली.

त्यांचा सूक्ष्मदर्शक आपल्या प्रयोगशाळेतील यंत्रासारखा नव्हता. तळहातात मावेल अशा धातूच्या दोन पत्र्यांमध्ये मण्याएवढे, किंबहुना त्याहून लहान, असे एकच भिंग बसविलेले असे. मागील बाजूस एक टोकदार सुई; तिच्यावर निरीक्षणाची वस्तू लावायची, स्क्रू फिरवून ती भिंगासमोर आणायची आणि सारे साधन डोळ्याला जवळजवळ चिकटवून उजेडाकडे पाहायचे. दिसायला खेळण्यासारखे हे साधन; पण आज उपलब्ध असलेल्या त्यांच्या साधनांपैकी सर्वांत प्रभावी साधन वस्तू सुमारे २७० पट मोठी दाखविते. त्या वेळची अनेक भिंगांची मोठी यंत्रे इतके स्पष्ट दाखवू शकत नव्हती. अशी पाचशेहून अधिक साधने त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविली.

लंडनच्या रॉयल सोसायटीशी त्यांचा परिचय डेल्फ्टमधील तरुण वैद्य रेनिये डी ग्राफ यांनी १६७३ मध्ये पत्राने करून दिला. ऊ, मधमाशी, बुरशी यांविषयीचे ल्युवेनहॉक यांचे पहिले पत्र सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि तेव्हापासून पन्नास वर्षे ही पत्रे जात राहिली. त्यांनी ग्रंथ असा लिहिलाच नाही. जे पाहिले ते पत्रात कळविले. पत्रे पाल्हाळिक असत. मुद्द्यामध्येच स्वतःच्या जेवणाची, दाढीची, शेजाऱ्यांची हकिगत येई. विद्वानांना ते खटकले असेल. मला मात्र तो त्यांचा मोठाच गुण वाटतो. काय केले, कोणत्या दिवशी केले, कोणत्या भांड्यात केले, हे सारे त्यांनी लपवाछपवी न करता नोंदविले आहे.

१६७४ मध्ये त्यांनी गावाजवळच्या एका तळ्याचे पाणी आणून पाहिले. उन्हाळ्यात ते पाणी गढूळ होई आणि गावकरी त्याचे खापर दवावर फोडीत. ल्युवेनहॉक यांना त्या पाण्यात हिरवे, मळसूत्रासारखे वळलेले धागे दिसले. आज आपण त्यांना स्पायरोगायरा म्हणतो. त्या धाग्यांमधून नाना आकारांचे चिमुकले जीव फिरत होते. दोन वर्षांनी त्यांना एक वेगळाच प्रश्न पडला. मिरी तिखट का लागते? तिच्या कणांना जिभेला टोचणारे सूक्ष्म काटे असावेत, असा त्यांचा तर्क होता. म्हणून त्यांनी मिरी पाण्यात भिजत घातली आणि सुमारे तीन आठवड्यांनी ते पाणी तपासले. काटे सापडले नाहीत. सापडली ती जीवांची अफाट दाटी, आणि त्यांतील सर्वांत लहान जीव इतके बारीक होते की आज ते जिवाणूच होते असे मानले जाते. चुकीच्या तर्कातून त्यांच्या हाती हे लागले, ही गोष्ट वर्गात उत्तर चुकल्यावर मान खाली घालणाऱ्या मुलांना मी आवर्जून सांगत असतो.

याच सुमारास त्यांनी पावसाचे पाणीही तपासले. स्वच्छ धुतलेल्या चिनी मातीच्या भांड्यात, छपरावरून न ओघळलेले, थेट आभाळातून पडलेले पाणी धरले. ते ताजे असताना त्यात जीव दिसले नाहीत. काही दिवस उघडे राहिल्यावर दिसू लागले. म्हणजे ते पावसाबरोबर खाली आले नव्हते. असे जीव वाऱ्याबरोबर धुळीतून येत असावेत, हा विचारही त्यांनी पुढे मांडला. डोळ्यांना न दिसणारे जीव पाण्यात असतात ही जाणीव मात्र जुनी आहे. भिक्खूंच्या आठ परिष्कारांत पाणी गाळण्याचे वस्त्र आहे, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. तथापि वस्त्राच्या वीणीतूनही सहज पार होणारा जीव डोळ्यांनी पाहणे ही निराळी गोष्ट.

९ ऑक्टोबर १६७६ चे त्यांचे पत्र लंडनला पोहोचले तेव्हा तेथील विद्वानांना ते खरे वाटेना. पाण्याच्या एका थेंबात लाखो प्राणी, आणि हे सांगणारा कोण, तर एक कापड दुकानदार! ल्युवेनहॉक रागावले नाहीत, वादातही पडले नाहीत. त्यांनी धर्मगुरू आणि गावातील प्रतिष्ठित अशा आठ जणांना घरी बोलावून ते जीव दाखविले आणि त्यांच्या सहीची प्रमाणपत्रे लंडनला धाडली. जीवांचा आकार सांगताना वाळूचा कण, डोक्याचा केस अशी सर्वांच्या परिचयाची मापे त्यांनी वापरली. अखेरीस सोसायटीने रॉबर्ट हूक यांच्याकडे पडताळणी सोपविली. बुचाच्या कापात छोटे कप्पे पाहून त्यांना पेशी हे नाव देणारे हूक ते हेच. प्रारंभी त्यांनाही काही दिसेना; नोव्हेंबर १६७७ मध्ये मात्र त्यांनी मिरीच्या पाण्यातील जीव सभासदांना प्रत्यक्ष दाखविले. १६८० मध्ये ल्युवेनहॉक सोसायटीचे सभासद निवडले गेले. सभेला ते एकदाही गेले नाहीत.

१६८३ मध्ये त्यांनी दातांच्या फटींतील पांढरा मळ तपासला. ते स्वतः रोज मिठाने दात घासत, तरीही त्या मळात हलणारे जीव होते. आयुष्यात कधीच दात न घासलेल्या एका म्हाताऱ्याच्या तोंडात तर त्यांची गर्दीच होती. शिरक्याने ते जीव मरतात हे त्यांनी पाहिले. गरम कॉफी प्यायल्यानंतर समोरच्या दातांवरील जीव निपचित पडलेले असतात हेही नोंदविले. उष्णता जिवाणूंना मारते, हे दूध तापविणाऱ्या आपल्या प्रत्येक घराला आज माहीत आहे.

रक्ताविषयीचे त्यांचे काम तितकेच मोलाचे. रक्त हृदयातून निघते आणि हृदयाकडेच परतते, हे विल्यम हार्वे यांनी १६२८ मध्ये सिद्ध केले होते. परंतु धमन्यांतील रक्त शिरांमध्ये जाते कुठून, ती वाट त्यांना दिसली नव्हती. इटलीतील माल्पिघी यांनी १६६१ मध्ये बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. ल्युवेनहॉक यांनी १६८८ मध्ये बेडकाच्या शेपटीवाल्या पिलाच्या पारदर्शक शेपटीत हे अभिसरण चालू असतानाच न्याहाळले. इतक्या अरुंद वाहिन्या, की रक्तकणिकांना जवळजवळ एकामागोमाग एक जावे लागते. या अरुंदपणातच शरीराची सोय आहे. वाहिनीची भिंत अत्यंत पातळ असल्याने प्राणवायू व अन्नघटक तिच्यातून पेशींकडे जातात आणि टाकाऊ द्रव्ये रक्तात येतात. रशियाचा सम्राट पीटर १६९८ मध्ये त्या भागात आला असता त्यालाही त्यांनी वाम माशाच्या शेपटीतील हे वाहते रक्त दाखविले.

आपण मराठीत सहज म्हणतो, धान्यात किडे पडले. जणू ते धान्यातूनच आपोआप उपजतात! त्या काळच्या युरोपातही हीच समजूत होती. ल्युवेनहॉक यांनी गव्हातील सोंडे पाळले, त्यांचे मीलन, अंडी व अळ्या पाहिल्या आणि किडा किड्यापासूनच होतो हे दाखवून दिले. वाळूतून किंवा धुळीतून पिसवा उपजतात असे लोक मानीत. पिसवेचा अंडे, अळी, कोश असा सगळा जीवनक्रम त्यांनी मांडला. मावा हा कीटक नराशिवायही पिलांना जन्म देतो, हेही त्यांच्या ध्यानात आले. जीव जीवापासूनच जन्मतो, हा सिद्धान्त पुढे पाश्चर यांच्या प्रयोगांनी पक्का झाला.

ते चुकलेही. १६७७ मध्ये शुक्रपेशी पाहिल्यावर त्यांनी असे मानले की अपत्याचे सर्वस्व पित्याच्या बीजातच असते, माता फक्त त्याचे पोषण करते. आपल्याकडे पुरुष बीज आणि स्त्री क्षेत्र, असे पूर्वापार सांगत आलेच आहेत. सस्तन प्राण्याचे अंडे फॉन बेअर यांनी १८२७ मध्ये पाहिले आणि पुढील संशोधनातून अपत्याला माता आणि पिता या दोघांकडून निम्मी-निम्मी गुणसूत्रे मिळतात हे स्पष्ट झाले. मुलगा की मुलगी, हे तर पित्याच्या शुक्रपेशीतील एक्स किंवा वाय गुणसूत्रावर ठरते. तरीही मुलगी झाली म्हणून सुनेला दोष देणारी घरे आजही आहेत. ल्युवेनहॉक यांची चूक तीनशे वर्षांपूर्वीची, ती क्षम्य आहे, आपली नाही.

त्यांचा दुसरा दोष मला अधिक सलतो. उत्तम भिंगे कशी घडवितो, हे त्यांनी कोणालाही सांगितले नाही. पाहुण्यांना ते साधी साधने दाखवीत, सर्वोत्तम साधने स्वतःपुरती ठेवीत. तरुणांना शिकवावे असे लायब्निट्स यांनी सुचविले, तेही त्यांनी नाकारले. परिणामी त्यांच्या मागे हे काम पुढे नेणारा शिष्य उरला नाही. २०२१ मध्ये न्यूट्रॉन किरणांच्या साहाय्याने त्यांचे एक साधन न उघडता आतून तपासण्यात आले, तेव्हा त्यातील भिंग काच वितळवून केलेला गोल मणी असल्याचे आढळले. ही पद्धत हूक यांनी १६६५ च्या आपल्या ग्रंथात छापून ठेवली होती.

या जीवांचा आणि रोगांचा संबंध त्यांनी जोडला नाही. बार्बरा यांच्यापासून त्यांना पाच अपत्ये झाली. मरिया ही एकच मुलगी जगली. बार्बराही १६६६ मध्ये गेल्या. दुसरी पत्नी कॉर्नेलिया १६९४ मध्ये वारली. जिवाणू प्रथम पाहणाऱ्याच्या घरात चार पाळणे रिकामे झाले होते. विशिष्ट जिवाणूमुळे विशिष्ट रोग होतो, हे रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये दाखविले, मिरीच्या पाण्याच्या पत्रानंतर बरोबर दोनशे वर्षांनी.

मरिया अविवाहित राहिली आणि अखेरपर्यंत वडिलांचे घर सांभाळीत राहिली. शेवटच्या आजारात ल्युवेनहॉक यांच्या छातीखालचा पडदा झटके देई, श्वास कोंडे. त्या झटक्यांचेही त्यांनी बारकाईने वर्णन केले; त्या विकाराला आज त्यांचेच नाव आहे. मृत्युशय्येवर त्यांनी एका मित्राकरवी दोन पत्रे लॅटिनमध्ये उतरवून लंडनला धाडण्याची व्यवस्था केली. २६ ऑगस्ट १७२३ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या इच्छेप्रमाणे मरियाने चांदीचे सव्वीस सूक्ष्मदर्शक पेटीत घालून रॉयल सोसायटीकडे पाठविले. ती पेटी पुढे हरवली.

पत्रे मात्र राहिली. १९८१ मध्ये सोसायटीच्या दप्तरात त्यांच्या पत्रांना जोडलेली कागदाची लहान पाकिटे एका अभ्यासकाला सापडली. आत त्यांनी स्वतः वस्तऱ्याने कापलेले बुचाचे आणि झाडाच्या गाभ्याचे पातळ काप होते. तीनशे वर्षांनंतरही ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवता आले, आणि त्यांतील पेशींचे कप्पे स्पष्ट दिसले.